ताहर बघायचा तर एप्रिलात

नाव ‘निलगिरी ताहर’ म्हटलं की आपल्या खान्देशात बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे शेतात धुडगूस घालणारा रोही, म्हणजे नीलगाय, येतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ताहर केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत, साधारण १२०० ते २६०० मीटर उंचीवरच्या गवताळ उतारांवर आणि कड्यांवर राहतो. दिसतो शेळीसारखा, पण २००५ साली डीएनए तपासला तेव्हा मेंढीच्या जवळचा निघाला.

बघायची खात्रीची जागा म्हणजे मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान. भुसावळ किंवा जळगावहून मंगला एक्सप्रेस पकडायची, केरळातल्या आलुव्याला उतरायचं, पुढे मुन्नारपर्यंत साधारण ११० किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटाचा. जायचं एप्रिलात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माद्या वितात म्हणून उद्यान बंद ठेवतात. ते न बघता आरक्षण केलं तर फाटकावरूनच परत. जून लागला की पाऊस आणि धुकं, समोरचा कडाही दिसत नाही. एप्रिलात मात्र कळपात दीड-दोन महिन्यांची पिल्लं असतात. आपली शेळी पाच महिन्यांत विते आणि बहुतेकदा जुळी देते. ताहर मादीला सहा महिने लागतात आणि पिल्लू बहुधा एकच. म्हणून एकेक पिल्लू मोलाचं.

सकाळी पहिल्या फेरीत आत जा. ऊन तापलं की कळप चरणं सोडून खडकांवर बसतो आणि राखाडी-तपकिरी पाठी दगडांत मिसळून जातात. ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरते. नजर हलणाऱ्या कानांवर ठेवा.

शिंगं नर-मादी दोघांनाही, पीळ नसलेली, मागे वळलेली. दाढी नाही. जुना नर ओळखायला सोपा: अंग जवळजवळ काळं आणि पाठीवर खोगीर टाकावं तसा रुपेरी पट्टा. जमलं तर खुरं नीट बघा. कडा टणक, आतली गादी मऊ आणि खरखरीत; ओल्या कातळावर पकड मिळते ती या जोडीमुळे.

इथले ताहर माणसाला सरावलेले, रस्त्याच्या कडेलाच चरतात. म्हणूनच बिस्किटं पुढे करायचा मोह होतो. करू नका. ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलेल्या शेळीला पोटफुगी कशी होते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ताहरचं पोटही चाऱ्यावरच चालणारं, रवंथ करणारं आहे. पीठ-साखर गेली की आत आम्ल वाढतं, आणि त्या कड्यावर औषध पाजायला कुणी जाऊ शकत नाही.