ला पोसातली कामं: छत, फर्नेस आणि पाण्याचा हीटर

मंडळी, यंदाच्या हिवाळी मुक्कामातली बरीचशी कामं उरकली, म्हणून ही नोंद.

आमचं फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायचं आमचं चाकांवरचं राहतं घर, सध्या अमेरिकेतल्या ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसामध्ये उभं आहे. ही सरकारी वाळवंटी जमीन. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात एका पासवर इथे राहता येतं. विजेची जोडणी नाही, पण पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. पाऊस जवळपास नाहीच, शिवाय हिवाळ्यातलं दुपारचं ऊन छतावर बसून काम करता येईल इतपत सौम्य. वर्षभराची मोठी दुरुस्ती आम्ही इथेच काढतो.

ज्यांचा ट्रेलर वर्षातला बहुतेक काळ अंगणात झाकलेला असतो, त्यांना तो काही आठवडे डीलरकडे सोडता येतो. आमचं घरच तिकडे गेलं तर आम्ही राहायचं कुठे? म्हणून दुखणं अंगावर काढायचं नाही आणि जिथे उभे आहोत तिथेच होईल इतकं ते लहान असतानाच पकडायचं, हे आम्ही दोघांनी पक्कं धरलंय. अगदीच हाताबाहेरचं असेल तर जागेवर येणारा मोबाइल टेक्निशियन बोलावतो.

सगळ्यात जास्त वेळ अर्थातच छताला दिला. आमचं छत ईपीडीएम रबराचं आहे. रबर स्वतःहून सहसा गळत नाही. गळतं ते जिथे त्याला भोक पाडलेलं असतं तिथे: पंख्याच्या चौकटी, सांडपाण्याच्या टाक्यांचे हवेचे पाइप, शिडीचे स्क्रू, पुढच्या भिंतीचा जोड. या खेपेला न्हाणीवरच्या स्काइलाइटचा पुढचा कोपरा संशयास्पद वाटला. लांबून सगळं ठाकठीक, पण अंगठ्याने दाबलं की सीलंटची कड रबरापासून केसभर उचलायची. नखाने ओढली तेव्हा बोटभर लांबीची पट्टी सुटून हातात आली. खाली मातीची बारीक रेघ होती, म्हणजे फट उघडून बरेच दिवस झाले असणार. आत जाऊन मॉइश्चर मीटरच्या सुया छताच्या लाकडी चौकटीत खुपसल्या. १२ टक्के. हायसं वाटलं. २० च्या वर आकडा गेला की लाकूड कुजायची भीती असते, आणि मग काम सीलंटच्या एका नळीवर भागत नाही, सुताराचं होऊन बसतं.

जुनं सीलंट सगळं खरवडू नका. जे घट्ट चिकटलंय ते राहू द्या, सुटलेलं तेवढं प्लास्टिकच्या पट्टीने काढा. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या. पेट्रोलियम असलेलं कुठलंही क्लीनर ईपीडीएमवर लावायचं नाही, रबर फुगतं. मग डायकोर कंपनीचं सेल्फ लेव्हलिंग सीलंट. ते इडलीच्या पिठासारखं आपोआप पसरून स्क्रूची डोकी झाकतं. उभ्या कडेला मात्र हे ओघळतं, तिथे त्याचाच न ओघळणारा प्रकार घ्या. हवा १० अंश सेल्सियसच्या वर हवी, म्हणून मी नेहमी दुपारीच वर चढते. आणि सिलिकॉन छतावर अजिबात नको. त्यावर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही.

मग फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी. पहाटे पंखा फिरत होता, पण हवा गारच. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. बॅटरीचा व्होल्टेजही ठीक होता. तो तपासणं महत्त्वाचं, कारण व्होल्टेज उतरला की पंखा मंदावतो आणि फर्नेस पेटत नाही. कान देऊन ऐकलं तर ठिणगीची टकटक येतच नव्हती. तेव्हा संशय सेल स्विचवर (सेल म्हणजे शीड, बॅटरीचा सेल नव्हे). पंख्याच्या वाऱ्याने याचं छोटं पातं हलतं, सर्किट जुळतं आणि मगच पेटवायची परवानगी मिळते. गॅस बंद करून, बॅटरी सोडवून नवऱ्याने स्विच बाहेर काढला. पात्याच्या बुडाशी वाळवंटाची पिठूळ धूळ आणि केसांचा गुंता अडकला होता. मऊ ब्रशने साफ केलं, मल्टिमीटर लावून पातं बोटाने हलवलं, तर दर वेळी बीप आला. त्या रात्रीपासून फर्नेस पहिल्या फटक्यात पेटतेय. तरी एक नवा स्विच मागवून ठेवलाय. इथे पार्सल पोस्टाच्या जनरल डिलिव्हरीवर मिळतं, म्हणजे ते पोस्टात जाऊन आणायचं; फक्त विकणारा सरकारी पोस्टानेच पाठवणार ना, हे आधी विचारून घ्या.

पाण्याच्या हीटरचा ॲनोड रॉड बदलला. आमचा हीटर सबर्बन कंपनीचा, म्हणजे आत पोलादी टाकी. मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. इकडच्या क्षाराच्या पाण्यात तो फार लवकर संपतो. आमचा काढला तेव्हा मधली तार उघडी पडली होती. पाऊण भाग झिजला की बदलायचाच. हीटर बंद करून पाणी गार झाल्यावर, आतला दाब सोडून मगच नट फिरवा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येईल. ॲल्युमिनियमची टाकी असलेल्या हीटरना हा रॉड लागत नाही, तेव्हा मागवण्याआधी आपलं मॉडेल पाहा.

टायर वरून छान दिसतायत, पण त्यांच्या कडेवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे (टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष) वाचले तर दोन टायर सहाव्या वर्षात गेलेत. ट्रेलरचे टायर नक्षी झिजायच्या आधी वयानेच जातात, त्यात हे ऊन. ते दोन्ही बदलणार.

राहिली चाकांची बेअरिंग. आमच्या ॲक्सलला १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा ग्रीस बदलायचं असतं. मार्चमध्ये चारही चाकं उतरवून ब्रेकची मॅग्नेटही बघायची आहेत. तोवर सील आणि कॉटर पिन येऊन पडतील. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांनी चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळायचे आणि प्रत्येक थांब्यावर चारही हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं, ज्यात बेअरिंग असतं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायचं. एखादा हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम लागला, तर तिथेच थांबून चाक उतरवणार.