एका चाकावरची गाडी आणि उजवा पाय

स्पोर्ट बाइकवर व्हीली, म्हणजे पुढचे चाक उचलून गाडी नुसत्या मागच्या चाकावर चालवणे, शिकण्याचा विचार मी आमच्या मिस्त्रींपाशी बोलून दाखवला, तेव्हा गाडी उचलायची कशी याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. "आधी पाय शीक, हाताचं मागनं बघू," एवढेच ते म्हणाले. मिस्त्री तरुणपणी डर्ट ट्रॅकच्या शर्यतींत उतरलेले असल्यामुळे त्यांचा शब्द मी प्रमाण मानला. व्हीली म्हणजे उजव्या मनगटाची करामत, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजलेली आहे. प्रत्यक्षात गाडी उचलणे हा त्यातला सोपा भाग आहे आणि खरी विद्या मागच्या ब्रेकवर ठेवलेल्या उजव्या पायाची आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हा सराव आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका बंद पडलेल्या फाउंड्रीच्या काँक्रीटच्या आवारात, मालकांची परवानगी घेऊन केला. रस्त्यावर असले प्रकार केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 184 लागू शकते, आणि ते लागलेच पाहिजे. समोरून येणाऱ्या दुधवाल्याने आपल्या हौसेची किंमत का मोजावी? हेल्मेट, पाठीचे कवच, गुडघ्याचे पॅड आणि घोट्याच्या वर जाणारे बूट यांवाचून मिस्त्री गाडीची किल्लीच हातात देत नसत.

सुरुवातीचे कितीतरी दिवस पुढचे चाक जमीन सोडतच नव्हते. पहिल्या गिअरमध्ये गाडी संथ चालवायची, थ्रॉटल, म्हणजे उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर, थोडा उघडाच ठेवायचा आणि वेग केवळ मागच्या ब्रेकने कमी-जास्त करायचा, एवढाच अभ्यास होता. मिस्त्रींनी ब्रेकचे पेडल बुटाच्या मापाने खाली-वर करून अशा उंचीवर आणले, की पाऊल फूटरेस्टवर असतानाच चवडा पेडलवर अलगद टेकलेला राहावा. कारण गाडी मागच्या चाकावर उभी राहिल्यावर पेडल शोधायला वेळ मिळत नाही. तिथे पाय आधीपासूनच असावा लागतो.

पुढचे चाक उचलले का जाते, हे नीट समजून घेतले तर भीती बरीच कमी होते. मागचे चाक जमिनीला मागे रेटते आणि गाडीला पुढे ढकलणारे बल जमिनीच्या पातळीवर मिळते. गाडी आणि चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मात्र त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे वेग झपाट्याने वाढवला की सगळे वजन मागे झुकते आणि पुढचे चाक हलके होत जाते. साधारण बांध्याच्या गाडीत हा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या, म्हणजे सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या, आसपास पोहोचला की ते चाक जमीन सोडते. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएमच्या आरसी 390 या माझ्या गाडीच्या 373 सीसी इंजिनात सुमारे 43 अश्वशक्ती आहे. ती ऐकायला भरपूर वाटते. परंतु केवळ थ्रॉटलच्या जोरावर या मर्यादेपर्यंत जाताना ते इंजिन पहिल्या गिअरमध्येही काठावरच असते.

म्हणून क्लच. ताशी 20 ते 25 किलोमीटर वेगात क्लच जरासा दाबायचा, इंजिनचे फेरे वाढू द्यायचे आणि एका बोटाने क्लच चटकन सोडायचा. इंजिनाच्या फिरत्या दांड्यात, म्हणजे क्रँकमध्ये, साठलेली ऊर्जा त्या क्षणी चाकाकडे धाव घेते आणि पुढची बाजू उठते. या पद्धतीचा फायदा असा, की वेग कमी राहतो आणि चूक झालीच तरी माणूस धावण्याच्या वेगाने खाली उतरतो.

यापुढचा भाग मनाला पटायला सर्वांत कठीण आहे. गाडी जसजशी उभी होते, तसतसा गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकूकडे सरकतो आणि तिला उचलून धरायला लागणारा जोर कमी कमी होत जातो. म्हणजे चाक वर जात असताना थ्रॉटल वाढवायचा नसून हळूहळू सोडायचा असतो. नवशिका नेमके उलटे करतो: चाक उठल्याच्या आनंदात किंवा धसक्याने मागे झुकतो, मनगट आपोआप पिळले जाते आणि गाडी पाठीवर येते. ज्या कोनात गुरुत्वमध्य टेकूच्या बरोबर वर येतो, त्याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. तळहातावर उभी काठी तोलताना हात जसा सतत बारीक हलत असतो, तसेच इथे थ्रॉटल आणि ब्रेक यांचे चाललेले असते. काठी मागे कलली की ब्रेकचा अगदी हलका स्पर्श पुरतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकते आणि नाक खाली येते. हा स्पर्श अंगवळणी पडला तर अंतराला तशी मर्यादा राहत नाही. अमेरिकेच्या डग डोमोकॉस यांनी 1984 साली अलाबामातील टॅलाडेगा ट्रॅकवर 145 मैल, म्हणजे सुमारे 233 किलोमीटर, गाडी एका चाकावर चालवली होती. आमच्या आवाराची लांबी पाहता मला त्या आकड्याचा हेवा करण्याचेही कारण नाही.

मिस्त्रींनी मला सुरुवातीला माझ्या आरसी 390वर न शिकवता एका परिचिताच्या जुन्या, 373 सीसीच्या ड्यूक 390वर शिकवले. दोन्ही गाड्यांचे इंजिन एकच. बैठक मात्र निराळी. ड्यूकचे सरळ, रुंद हँडल हातात असताना माणूस ताठ बसतो आणि त्याचे वजन मागे राहते. आरसीचे हँडल खाली आणि आखूड असल्यामुळे छाती टाकीवर झुकते, वजन पुढच्या चाकावर पडते आणि तीच गाडी उचलायला क्लच अधिक तिखट सोडावा लागतो. त्यात हँडल ओढण्याचा मोह होतो. ते ओढले की चाक वाकडे उठते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी आणि हात सैल सोडावेत, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते झोपेतही म्हणू शकेन.

खाली उतरण्यालाही शास्त्र आहे. हवेतले चाक मंदावलेले असते. ते जमिनीला टेकताना टायर चीत्कारतो आणि हँडल तिरके असेल तर गाडी जोराने झटकते. थ्रॉटल एकदम बंद केला तर पुढची बाजू आपटते. थोडा थ्रॉटल राखून, हँडल सरळ ठेवून तिला टेकवावे लागते.

इलेक्ट्रॉनिक्सचाही इथे अडथळा होतो. पुढचे चाक मंदावले आणि मागचे वेगात राहिले, की ट्रॅक्शन कंट्रोलला मागचे चाक घसरल्याचा भास होतो आणि ते इंजिनची ताकद छाटते. म्हणून ते बंद करावे लागते. एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, हिच्यासाठी ड्यूकमध्ये सुपरमोटो मोड आहे, त्यात मागच्या चाकाचे एबीएस बंद होते आणि पुढचे चालू राहते. मोठ्या स्पोर्ट बाइकवरील यंत्रणा तर व्हीली होऊच नये यासाठी असतात. 2015च्या यामाहा आर1मध्ये गाडीची हालचाल ओळखणारा सहा अक्षांवरचा सेन्सर आणि पुढचे चाक आवरणारे लिफ्ट कंट्रोल आले ते याचसाठी. शर्यतीत हवेत गेलेले पुढचे चाक म्हणजे वाया गेलेला वेग असतो, त्यामुळे इंजिनिअर लोक या खेळाकडे फारशा प्रेमाने पाहत नाहीत.

गाडीलाही हे सोसावे लागते. क्लच प्लेट लवकर झिजतात, चेनसेट ताणला जातो, पुढच्या चाकाच्या फोर्कच्या ऑइल सीलमधून तेल पाझरू लागते. गाडी एका चाकावर उभी असताना इंजिनमधले ऑइल मागे धावते, म्हणून पातळी वरच्या खुणेजवळ ठेवावी. परवा मिस्त्रींनी आरसीचे पुढचे चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवले, तर मध्यभागी आल्यावर ते खट्‌कन अडत होते; हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगला, म्हणजे कोनसेटला, खड्डा पडला आहे. नवा बसेपर्यंत दुसऱ्या गिअरमधल्या व्हीलीचे नाव काढायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे आणि पार्ट यायला अजून आठवडा लागणार आहे.