एमजीबीचं साइड कव्हर आणि माझी घाई

माझी एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९७२ची. कॉव्हेंट्रीत घरासमोर उभी असते आणि गेल्या वर्षापर्यंत तिच्याखाली कायम पुठ्ठा अंथरलेला असायचा. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते. थेंब पडायचा तो तिथून. जुन्या गाड्यांच्या एका वर्कशॉपने वाकून बघितलं न बघितलं तोच निदान केलं: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. गाडी सहा आठवडे तिथे पडून राहिली. घरी आली आणि चौथ्या दिवशी त्याच जागी तोच डाग. फोन केला, तर म्हणाले, "या गाड्या गळणारच." हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

मग मीच बाह्या सरसावल्या. इंजिन धुऊन सुकवलं, डाव्या अंगाला टाल्कम पावडर मारली आणि दहा मैल फिरून आलो. पावडर काळी झाली होती मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) खाली, मागच्या साइड कव्हरजवळ. तिथून तेल ब्लॉकवरून मागे ओघळत होतं. सील बिचारं निर्दोष होतं.

या बी-सिरीज इंजिनाच्या अंगाला टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांच्या) दोन खिडक्या असतात. त्यांवर पत्र्याची झाकणं, म्हणजेच साइड कव्हर, आत कॉर्कचं पॅकिंग आणि प्रत्येक झाकण मधल्या एकाच बोल्टवर. हात पोचायला कार्ब्युरेटर, हीट शील्ड, मॅनिफोल्ड सगळं उतरवायचं. हे मी एकदा नाही, तीनदा केलं.

पहिल्यांदा उघडलं तर आत सिलिकॉनच सिलिकॉन. इंजिन बाहेर असताना त्या लोकांनी जाता जाता तेही चोपडून ठेवलं होतं. सिलिकॉन दाबलं की बाहेर दिसतं तेवढंच आतही जातं. कडेला शेपट्या लोंबत होत्या आणि एक तुटलेली. झोप उडाली. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, तर ती ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसलेली. अशा आणखी चार-पाच गेल्या असत्या तर इंजिन उपाशी मेलं असतं.

मग मी वाळून कडक होणारं लाल सीलंट दोन्ही बाजूंनी लावलं. पंधरा दिवसांत पुन्हा ओल. ते खरवडण्यात दोन संध्याकाळी आणि अंगठ्याचं नख गेलं. (ब्लॉकवर लोखंडी पातं घासू नका. प्लॅस्टिकचं घ्या आणि खिडकीत आधी फडकं कोंबा.)

तिसऱ्या वेळी हायलोमार आणलं. निळं, न वाळणारं, रोल्स-रॉइसच्या विमानांच्या इंजिनांसाठी निघालेलं. पातळ थर द्यायचा आणि जोडण्याआधी दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे त्यातला द्रव उडून जातो. मी थांबलो नाही. शनिवारची संध्याकाळ, पाऊस येऊ घातलेला. ओल्या थरावर कॉर्क साबणासारखा घसरला आणि बोल्ट आवळताच एका कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून बसला. नशीब, मॅनिफोल्ड चढवायच्या आधी दिसलं.

रविवारी झाकण काचेवर ठेवून पाहिलं, तर मधे खोलगट. आजवर ज्याने त्याने गळतंय म्हणून बोल्ट आवळला होता, त्यात मीही आलो. लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने कडा सपाट केल्या. हायलोमार फक्त झाकणाकडून लावलं, घड्याळ लावून दहा मिनिटं बसलो, पॅकिंग चिकटवलं आणि ब्लॉककडची बाजू कोरडी ठेवली. झाकणाच्या प्रकारानुसार २ ते ५ पाउंड-फूट एवढाच जोर लागतो. मोठ्या टॉर्क पान्यावर हा आकडाच नसतो, तेव्हा आखूड पाना आणि दोन बोटं.

बाकीच्यात सांगण्यासारखं फार नाही. वॉटर पंपाच्या कागदी पॅकिंगला हायलोमारचा नुसता हात फिरवला. मॅनिफोल्डचं पॅकिंग कोरडंच. पेट्रोल जिथे लागतं तिथे साधं सिलिकॉन अजिबात नको, ते फुगून सुटतं.

सांगलीहून बाबा फोनवर एकच विचारत होते, "शेलॅक लावलंस का?" शेलॅक म्हणजे लाखेचं चिकट द्रावण. त्यांच्या जुन्या अँबेसेडरचं इंजिन याच घराण्यातलं, १४८९ सीसीचं. त्यांचा मिस्त्री जाड कागद झाकणावर ठेवून कडेने हातोडी ठोकत पॅकिंग कापायचा आणि वर शेलॅक. मी म्हटलं, बाबा, पुन्हा उघडायचं झालं तर? ते म्हणाले, "नीट लावलं तर उघडायचं कशाला?"

अरे हो, आधी सांगायला हवं होतं ते राहिलंच. पुढच्या झाकणावरून इंजिनाच्या श्वासाची नळी, म्हणजे ब्रीदर, कार्ब्युरेटरकडे जाते आणि तिच्या डब्यात तारेची जाळी असते. ती तुंबली की चेंबरमधला दाब वाट शोधतो आणि कुठलंही सीलंट लावा, तेल बाहेर येतंच. माझ्या जाळीतून रॉकेलमध्ये बुडवल्यावर वाटीभर काळा चिखल निघाला. वर्कशॉपच्या बिलावर "ब्रीदर तपासला" असं लिहिलेलं आहे.