बाबाले कोन दखी?

बाबांना लकवा होऊन सहा वर्षं झाली होती. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. पारोळा तालुक्यातल्या माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या गावात त्यांचं धाब्याचं घर. दर महिन्याला मी जायचे, बीपी बघायचे, गोळ्या द्यायचे, रजिस्टरला नोंद करून पुढच्या घरी निघायचे. एका मार्चमध्ये त्यांना ताप आला म्हणून त्यांच्या सुनेच्या मदतीनं कुशीवर वळवलं आणि पाठ उघडी करून पाहिली. माकडहाड, कंबर, टाचा, घोटे, जिथं जिथं हाड टेकतं तिथं बोट फिरवलं. एक जखम नाही. लालीसुद्धा नाही. कातडी कोरडी, पोटरीखाली जुन्या लुगड्याची घडी, टाच अंथरुणापासून बोटभर वर.

मी आधी वॉर्डात काम केलं आहे. तीन पाळ्यांत नर्सेस असूनही पंधरा दिवसांत पाठीला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, झालेल्या पेशंटचं ड्रेसिंग मी स्वतः केलंय. अशा माणसाची कड साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. तिला विचारलं, "रात्री गजर लावतेस का?"

"नही ताई. झोपताना तांब्याभर पाणी पिते. मग आपोआप जाग येते. मी उठले की बाबांची कड बदलते."

नवरा सुरतला लूमवर. घरात ती, बाबा आणि शाळेत जाणारा मुलगा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या सुना माहेरी जातात, झोके घेतात. हिच्या सहा आखाज्या याच घरात गेल्या. आणि माझ्या रजिस्टरमध्ये बाबांचं नाव, वय, बीपी, सगळं होतं. तिच्यापुढं फक्त 'सून' एवढं लिहिलेलं. नावाची मी कधी चौकशीच केली नव्हती. ते मला फार लागलं.

३१ मेला अहिल्यादेवींच्या जयंतीला प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांचा शासनातर्फे सन्मान होतो. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र आणि ५०० रुपये. निवडीच्या बैठकीत मी हिचं नाव घेतलं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "सिस्टर, घरच्यांचंच तर करते. गावासाठी काय केलं?" वाईट हेतूनं नाही म्हणाले, खरंच त्यांना तसं वाटत होतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मी मोबाइलवर काढून वाचला: काळजी घेणारा म्हणजे आईवडील, कुटुंबीय धरून, मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी कोणीही व्यक्ती. 'न घेता' हे शब्द मी दोनदा वाचले. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. केरळात आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये ठरवलेले आहेत. पैसे किती तुटपुंजे, ते सोडा. सरकारी यादीत त्या माणसाचं नाव तरी येतं. शासनाची दोन नावं बचत गटाच्या ताई आणि अंगणवाडी सेविकेची ठरली, दोघीही त्या मानाच्याच. तिसरा सत्कार ग्रामपंचायतीनं आपल्यातर्फे करायचं मान्य केलं.

सांगायला गेले तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, बाबाले कोन दखी?"

आम्ही मांडव, शाल, पाहुणे सगळं ठरवलं होतं. बाबांना कोण बघणार, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी म्हटलं, मी बसते.

त्या दिवशी ऊन असं की अंगणातल्या पत्र्याला हात लावता येईना. जाताना तिनं मला समजावलं: भाकरी वरणात पूर्ण विरघळू दे, उशी देऊन ताठ बसव, घास डाव्या गालात घाल, गिळलं की गळ्याकडं बघ, मगच दुसरा. मी पंधरा वर्षं नोकरी केलेली, तरी डाव्या गालाचं मला सुचलं नसतं. बाबांनी माझ्या हातचे तीन घास घेतले आणि ओठ मिटले. नजर दाराकडं. पाणी पाजलं तर ठसका लागला, माझा जीव घशाशी आला. अंथरूण ओलं झालं. एकटीनं त्यांना वळवून चादर बदलताना माझी कंबर धरली, घामानं साडी भिजली. घड्याळात पाहिलं, जेमतेम पाऊण तास झाला होता.

तेवढ्यात देवळाजवळच्या भोंग्यावर तिचं नाव आलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनावासकट पूर्ण. मग टाळ्या. बाबांचा डावा हात चादरीवर हलायला लागला. मी तो हातात घेतला, तर त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली आणि कितीतरी वेळ सोडली नाहीत. मी त्यांच्याकडं बघून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

चहा न घेताच ती परत आली. अंगावर शाल, हातात नारळ, चालून चालून चेहरा लाल. नारळ कोनाड्यात ठेवला आणि दारातूनच विचारलं, "कव्हय कड बदली ताई?"

"अर्धा तास झाला."

तिनं वाकून बाबांच्या पोटरीखाली हात घातला. मी लुगड्याची घडी टाचेखालीच सरकवली होती. तिनं ती काढली, झटकली, वर घेऊन नीट बसवली आणि टाच पुन्हा बोटभर उचलली गेली. मग पदराला हात पुसत मला म्हणाली, "तुम्ही जेवल्या नसाल. थांबा, भाकरी टाकते."