चर बुजवताना कुणीतरी उभं राहायला हवं

मार्चच्या शेवटी आमच्या गल्लीत पाण्याची नवी लाइन पडली. पाइप जोडून झाले, गळती तपासून झाली आणि संध्याकाळी जेसीबीवाल्याने बाजूचा ढिगारा एका दमात चरात ढकलायला घेतला. मी चहा तसाच टाकून खाली उतरलो.

रस्त्याच्या कामात माझी 31 वर्षं गेली, कनिष्ठ अभियंता म्हणून. खड्डा पडला की लोक डांबराला शिव्या देतात. माझ्या पाहण्यातले कितीतरी खड्डे मात्र नीट न बुजवलेल्या चरातून सुरू झाले. मोकळी माती आपल्या वजनाने महिनोन्‌महिने बसत राहते. वरचं डांबर तिच्याबरोबर खाली जातं, कडेला फट पडते, फटीत पाणी शिरतं. पुढचं काम पाऊस आणि बसची चाकं करतात.

नियोजन कागदावर बरं असतं. कोणते रस्ते करायचे त्याची यादी, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, निविदा, कार्यादेश, मग दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत. पण पाणी, ड्रेनेज, वीज, केबल या प्रत्येकाची यादी वेगळी. डांबरीकरणाआधी या याद्या एका टेबलावर ठेवल्या तर नवा रस्ता दोन महिन्यांत फुटत नाही. त्या एका बैठकीसाठी मी नोकरीत वर्षानुवर्षं भांडलो. त्यात पावसाळ्यापूर्वी खोदाई बंद करायची असते, म्हणून सगळ्यांची घाई मार्च-एप्रिललाच.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. 1976 साली रेकॉन्डो कंपनीने तो हॉटमिक्स पद्धतीने, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून एकत्र मिसळून, केला आणि 10 वर्षांची हमी लिहून दिली. हमीची मुदत संपल्यावरही कित्येक पावसाळे तो खड्ड्याविना टिकला. डांबर, खडी आणि पाऊस सगळीकडे तेच असतात, हे नव्या पोरांना सांगताना मी कायम त्याचंच उदाहरण दिलं.

तर त्या संध्याकाळी मी मुकादमाला म्हणालो, "दादा, पाइपभोवती आधी बारीक मुरूम घाला. मग सहा-सहा इंचांचा थर, पाणी, आणि प्रत्येक थरावर धुम्मस." धुम्मस म्हणजे माती ठोकून घट्ट बसवायचं जड अवजार.

"काका, सकाळी रस्ता चालू करून द्यायचाय. वरून रोलर फिरवतो की."

रोलर वरचा थर दाबतो. चार फूट खोल टाकलेल्या मातीपर्यंत त्याचा दाब पोचत नाही. मी त्याला चरात उतरवलं, टाच रोवायला लावली. टाच भसकन आत गेली. मग थर टाकून, पाणी मारून, दोघा पोरांनी धुम्मस चालवली आणि पुन्हा टाच रोवली. नुसता वळ उठला. धुम्मस मारताना आवाजही बदलतो: आधी भद्द, मग ठक्क. तो ठक्क ऐकू आला की थर बसला समजायचं. मोजमाप पुस्तकात चराची लांबी, रुंदी, खोली लिहिली जाते, हा आवाज कुठे लिहिणार? म्हणून तर चर बुजेपर्यंत तिथे माणूस उभा लागतो.

मुकादम चांगला होता, त्याने ऐकलं. पण साडेनऊला ठेकेदाराचा फोन आला आणि आमच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत, साधारण वीस फूट, एवढंच काम रीतसर झालं. पुढचा चर जेसीबीने भरला. दोन दिवसांनी वरून सगळीकडे सारखंच डांबर पडलं.

जूनच्या दुसऱ्या पावसात खांबापुढे रस्ता वीतभर खचला. शेजारची मुलगी लेकाला शाळेत सोडायला निघाली होती, तिची स्कूटर तिथेच आडवी झाली. लेकराच्या कोपराला तीन टाके पडले. खांबाच्या अलीकडचे वीस फूट आजही सपाट आहेत. टेप लावून दोन्ही भागांचे फोटो काढले, दोषदायित्वाचं कलम लिहिलं, गल्लीतल्या बाविस घरांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज दिला. पोच घेतली.

सोमवारी खचलेला भाग पुन्हा उघडणार आहेत. काल त्याच मुकादमाला फोन केला आणि येताना दोन धुम्मस आणायला सांगितलं. "काका, या वेळी पूर्ण मारू," म्हणाला. मी आठ वाजता खाली असेन.