भर पावसाळ्यात कार्बोरेटरमध्ये बर्फ कसा होतो

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, २६/२४ दिसलं तरी बहुतेक विद्यार्थी वैमानिक ढगांची उंची आणि दृश्यमानता बघून पुढे सरकतात. पहिला आकडा तापमानाचा, दुसरा दवबिंदूचा. दोन अंशांचं अंतर म्हणजे आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात कोकणात काय नि घाटावर काय, असे चिकटलेले आकडे नेहमीचेच. सेसना १५२ किंवा कार्बोरेटरवाल्या जुन्या १७२ या छोट्या विमानांत बसणाऱ्याला ते बघून आधी कार्ब हीटची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी, नॉब आठवायला हवी.

कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. त्याच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा वेगाने जाते, दाब कमी होतो आणि हवा थोडी थंड होते. पण खरी थंडी आणतं ते पेट्रोल. माठातलं पाणी झिरपून वाळताना माठ गार होतो, तसं पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालच्या हवेची उष्णता ओढून घेतं. तापमान तीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. म्हणजे बाहेर २६ असताना आत शून्याखाली! हवेतली वाफ मग थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या, झडपेवर आणि व्हेंचुरीच्या भिंतीवर गोठते.

परीक्षेसाठी सगळे 'उणे ७ ते अधिक २१ अंश' पाठ करतात. तो सर्वाधिक धोक्याचा पट्टा झाला. हवा दमट असेल तर ३८ अंशांपर्यंतही बर्फ धरू शकतो. उलट विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारी फारशी भीती नसते.

फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरवर पहिली खूण म्हणजे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू उतरणं. इथेच घोळ होतो. विद्यार्थी नकळत थ्रॉटल जरासा पुढे ढकलतो, आरपीएम जागेवर येतो आणि खूण पुसली जाते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम उतरला, किंवा त्याच आरपीएमसाठी थ्रॉटल वाढवावा लागला, तर आधी बर्फाचाच संशय घ्यावा. कॉन्स्टंट स्पीड (पात्यांचा कोन बदलून फेरे तेच राखणारा) प्रोपेलर असेल तर आरपीएम हलत नाही, मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, घसरतं.

संशय आला की कार्ब हीटची नॉब पूर्ण बाहेर ओढा. एक्झॉस्टच्या आवरणातली गरम, विरळ हवा आत येते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि आरपीएम लगेच थोडा पडतो. बर्फ असेल तर तो वितळून पाणी इंजिनात जातं, आरपीएम आणखी पडतो, इंजिन खडखडतं. घाबरून नॉब आत ढकलण्याची इच्छा नेमकी याच वेळी होते. ढकलू नका. बर्फ गेला की आरपीएम चढतो आणि इंजिन सुरळीत होतं. मग हीट बंद करा. १५२ च्या हँडबुकात बर्फ काढताना पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण हीट सांगितलं आहे. क्रूझमध्ये सतत हीट लागली तर बर्फ धरणार नाही इतपतच ठेवून मिक्श्चर थोडं लीन करायचं (पेट्रोल कमी), असंही त्यात आहे. पण कार्बोरेटरचं तापमान दाखवणारा गेज नसेल तर 'इतपत' किती हे कळणार कसं? अर्धवट हीटने कधी कधी बर्फ वाढतो. विद्यार्थ्याने पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, एवढंच पाळावं.

उतरताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून धोका तिथे सर्वांत जास्त. सेसनावर पॉवर कमी करण्याआधी हीट, नंतर नाही. गो-अराऊंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) थ्रॉटल पूर्ण आणि लगेच हीट बंद, कारण गरम हवेमुळे पंधरा टक्क्यांपर्यंत पॉवर जाते. पायपरच्या काही हँडबुकांत उतरताना गरज असेल तरच हीट सांगितली आहे, तेव्हा विमान बदललं की चेकलिस्टही नव्याने वाचावी.

रन-अपला (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासताना) १७०० आरपीएमवर हीट ओढल्यावर आरपीएम पडलाच पाहिजे. नाही पडला तर केबल किंवा गरम हवा सोडणारी आतली झडप काम करत नाही. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय उड्डाण नको. पडून पुन्हा चढला, तर जमिनीवरच बर्फ धरला होता. होल्डिंग पॉइंटवर (धावपट्टीआधी थांबायच्या जागी) बराच वेळ थांबावं लागलं तर टेकऑफआधी हीट पुन्हा तपासा. टेकऑफला मात्र हीट बंद. १५२ वर विमान जागेवर उभं असताना पूर्ण थ्रॉटलला साधारण २२८० ते २३८० आरपीएम मिळायला हवेत. आणि टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) हीट उगाच चालू ठेवू नका. ती हवा फिल्टरमधून येत नाही, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

इंजिन हवेत बंद पडलं तर १५२ वर ६० नॉट्सचा वेग धरून लगेच हीट ओढायची, मग फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्श्चर, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा). हीटला उशीर नको, कारण एक्झॉस्ट झपाट्याने निवतो आणि मग नॉब ओढूनही आत थंडच हवा येते.