ग्रुपमधून काढण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या वर्षी मे महिन्यात, रात्री अकराच्या सुमारास, मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांना काढून टाकले. टँकरचे दिवस होते. काका (सारी इमारत त्यांना काकाच म्हणते) रोज ग्रुपवर टँकरच्या पावत्या मागत असत, आणि त्या रात्री त्यांनी खजिनदारांना उद्देशून ‘चोर’ हा शब्द वापरला. दोघा-तिघांनी मला खासगीत ‘आता यांना काढाच’ असे कळवले आणि मी काढले. नावावर अंगठा दाबून धरायचा आणि यादीतील योग्य तो पर्याय निवडायचा, एवढेच काम. ग्रुपवर एक बारीक करडी ओळ उमटली, तिच्याखाली कोणीतरी नमस्काराचे हात ठेवले, आणि मी शांतपणे झोपलो.

दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये भेटले. आवाज न चढवता ते म्हणाले, “मला कोणत्या नियमाखाली काढलंत, तेवढं एका ओळीत लिहून द्या.” मला ती ओळ सुचली नाही, कारण नियमच नव्हता. त्याहून वाईट गोष्ट मला चार दिवसांनी समजली. टँकर सकाळी सहाला येणार की साडेआठला, हे फक्त ग्रुपवरच कळवले जात असे; त्यामुळे काकांच्या घरी त्या चार दिवसांत दोनदा पाणी भरायचे राहिले होते आणि काकू शेजारच्या घरातून कळशीने पाणी नेत होत्या. काकांचे बोलणे उद्धट होते, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु उद्धटपणाची शिक्षा म्हणून कोणाचे पाणी तोडायचे, असे मी किंवा अन्य कोणीही ठरवलेले नव्हते; ते आपोआप घडले, आणि घडवणारा मी होतो.

नंतर मी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० काढून वाचला, तेव्हा अधिकच ओशाळलो. त्यातील कलम ३५ नुसार सभासदाला संस्थेतून काढून टाकायचे असेल, तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या व मताचा अधिकार असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी तसा ठराव करावा लागतो, त्या सभासदाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि एवढे होऊनही निबंधकांच्या मान्यतेशिवाय तो ठराव अमलात येत नाही. त्याच सोसायटीच्या ग्रुपमधून, जिथे आता पाण्यापासून वर्गणीपर्यंत सारा कारभार चालतो, माणसाला काढायला एक अंगठा पुरतो. ग्रुप म्हणजे सोसायटी नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. कागदावर ते खरेही आहे. पण सूचना फलकावर शेवटचा कागद दोन वर्षांपूर्वी लागला असेल, तर त्या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

हा अंगठा माझ्याकडे आला कसा, तेही सांगण्यासारखे आहे. ग्रुप ज्यांनी सुरू केला, ते गृहस्थ सदनिका विकून नाशिकला गेले. जाताना त्यांनी मला आणि आणखी एकाला अ‍ॅडमिन केले. ते स्वतः अद्यापही अ‍ॅडमिन आहेत आणि दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. म्हणजे आमच्यावर सत्ता असलेल्या तिघांपैकी एक जण आमच्या इमारतीत राहतही नाही आणि तिघांपैकी एकालाही कोणी निवडलेले नाही. बहुतेक ऑनलाइन समूहांत अधिकार असाच, आधी कोण आले या न्यायाने, मिळालेला असतो.

या अधिकाराची व्याप्ती किती, हा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेला आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, सदस्याने ग्रुपवरील एका महिलेविषयी अश्लील भाषा वापरली आणि अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही किंवा माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अ‍ॅडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुराचे उत्तरदायित्व अ‍ॅडमिनवर टाकता येणार नाही, कारण सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते, असा त्या निर्णयाचा आशय होता. मला तो निर्णय योग्य वाटतो. मात्र पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचा मेसेज सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय दिली. अधिकार वाढला, तो वापरताना कोणाला कारण द्यायचे, हा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

मग नियम करायचे कोणी? सरकारने, असे म्हणणाऱ्यांना मी पालघरची आठवण करून देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयीची एक फेसबुक पोस्ट लिहिणारी आणि तिला ‘लाइक’ करणारी अशा दोन तरुणींना तिथे अटक झाली होती. त्या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. शेजाऱ्यांच्या भांडणात पोलीस ठाणे आले की भांडण संपत नाही, मोठे होते. आणि कंपनीच्या नियमांबद्दल बोलायचे, तर ते कोट्यवधी लोकांसाठी एकाच साच्यातून काढलेले असतात. आमच्या टँकरच्या पावत्या त्यांना कळणे शक्य नाही.

त्यामुळे ‘जे तिथे राहतात त्यांनीच नियम करावेत’ हे उत्तर मला सुरुवातीला सरळ वाटले. ते सरळ नाही, हे मला विकिपीडियाच्या इतिहासावरून कळले. मराठी विकिपीडियावर मी अधूनमधून लिहितो. तिथे सामाईक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात, विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना ‘प्रचालक’, आणि प्रचालक नेमायचा तर सर्वांसमोर कौल घ्यावा लागतो. कोणी कोणाला, केव्हा, किती काळासाठी आणि काय कारण लिहून रोखले, याची नोंद कोणालाही उघडून पाहता येते. माझ्या त्या रात्रीच्या कृत्याची अशी नोंद राहणार असती, तर मी ते केले असते की नाही, याची मला शंका आहे.

जून २०१९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक वादळ झाले. तिथल्या एका जुन्या, कडक स्वभावाच्या प्रचालकावर विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने, परस्पर एक वर्षाची बंदी घातली. तक्रार कोणाची, पुरावा कोणता, हे गोपनीय. अपिलाची सोय नाही. त्या प्रचालकाच्या वागण्यावर नाराज असलेले लोकही यामुळे संतापले आणि वीसहून अधिक प्रचालकांनी अधिकार सोडले. अखेरीस प्रकरण संपादकांनीच निवडलेल्या लवाद समितीकडे सोपवण्यात आले. समितीने सप्टेंबरमध्ये बंदी उठवली, परंतु प्रचालकपद परत दिले नाही. ते हवे असल्यास पुन्हा कौलाला सामोरे जावे, असे सांगितले. माणूस तोच होता आणि तक्रारीही मुख्यतः त्याच. तरीही हा निर्णय लोकांनी बऱ्याच अंशी पचवला, कारण तो देणारे त्यांनी निवडलेले होते. गोपनीयतेमागे तक्रारदारांना त्रास होऊ नये हा हेतू होता आणि तो हेतू मला खोटा वाटत नाही. आमच्याकडेही ज्यांनी मला खासगीत लिहिले, त्यांना काकांसमोर यायचे नव्हतेच.

इथवर गोष्ट ‘गाव करी ते राव न करी’ अशी आहे. परंतु क्रोएशियन विकिपीडियाची कथा याच्या अगदी उलट आहे. तिथे एका दशकाच्या आसपास टोकाच्या राष्ट्रवादी विचारांच्या मोजक्या प्रचालकांचा ताबा होता. दुसऱ्या महायुद्धातील यासेनोवाच येथील छळछावणीचे भीषण स्वरूप सौम्य करून सांगणारा मजकूर तिथे टिकून राहिला, विरोध करणारे संपादक एकामागून एक रोखले गेले, आणि २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांना विद्यार्थ्यांनी हा विकिपीडिया वापरू नये असे सांगावे लागले. नियम स्थानिकच होते, कौलही स्थानिकच. फक्त त्या कौलात काही माणसे एकाहून अधिक नावांनी मते देत होती. ही कोंडी २०२० मध्ये बाहेरच्या संपादकांच्या हस्तक्षेपामुळे फुटली आणि मुख्य प्रचालकावर सर्वच प्रकल्पांत बंदी आली. गावाने गावातल्याच माणसाचे तोंड बांधले असेल, तर त्याने जायचे कुठे?

विकिमीडियाच्या रचनेत ‘प्रतिपालक’ नावाचे एक पद आहे, त्यात मला या प्रश्नाचे काहीसे उत्तर दिसते. जगभरच्या संपादकांतून ते दरवर्षी निवडले जातात आणि निवडून येण्यासाठी किमान ८० टक्के पाठिंबा लागतो. मात्र ज्या विकिपीडियावर ते स्वतः नेहमी काम करतात, त्या आपल्या घरच्या विकिपीडियावर त्यांनी हे अधिकार सहसा वापरायचे नाहीत, असा संकेत आहे. नियम करणारे आतले असावेत, पण नियम राबवणाऱ्याविरुद्धची तक्रार ऐकणारा त्या भांडणाबाहेरचा असावा, ही जुन्या पंचायतीलाही परिचित असलेली गोष्ट तिथे नेमकी बसवली आहे.

आम्ही आमच्यापुरते जे केले ते फारच किरकोळ आहे. पाचव्या दिवशी मी काकांना पुन्हा ग्रुपमध्ये घेतले आणि चूक माझी होती, हे ग्रुपवरच लिहिले. टँकरच्या वेळा आता फलकावरही लागतात. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत मी ‘ग्रुपचे नियम’ हा शेवटचा विषय घालून घेतला. सभा नेहमीप्रमाणे कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. कोणालाही काढण्यापूर्वी एकदा लेखी समज द्यायची, काढल्यास कारण आणि मुदत ग्रुपवर लिहायची, अ‍ॅडमिन दरवर्षी सभेत ठरवायचे, आणि अ‍ॅडमिनविरुद्धची तक्रार अ‍ॅडमिन नसलेल्या व समितीतही नसलेल्या एका सभासदाकडे द्यायची, एवढे मंजूर झाले. त्या कामासाठी ए विंगमधील एका निवृत्त शिक्षिकांनी, फारसा उत्साह न दाखवता, होकार दिला. नाशिकच्या गृहस्थांना अ‍ॅडमिनपद सोडण्याची विनंती करायचे ठरले. ती करायची कोणी, हे ठरले नाही.

अडले ते पाचव्या कलमावर. ‘अपमानास्पद भाषा वापरू नये’ असे मी मसुद्यात लिहिले होते. काका उभे राहिले आणि म्हणाले, “अपमानास्पद म्हणजे काय, ते लिहा. पावती मागणं त्यात येतं का?” खजिनदार म्हणाले, “चोर म्हणणं येतं का, ते आधी सांगा.” त्यावर चाळीस मिनिटे चर्चा झाली, चहा दोनदा आला, आणि इतिवृत्तात त्या कलमापुढे सचिवांनी ‘पुढील सभेत विचारार्थ’ असे लिहून ठेवले आहे.